तरलेने नाव का द्यावं?

॥ श्री ॥

खर्डी,
९ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस,
चंद्राचा वाकून नमस्कार. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो. बाबा भात कापून झालं तरी दिवसातून दोनदा शेतावर जाऊन येतात, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

आता खरी बातमी. धुकेनगरीचा तिसरा भाग आला! शहापूरच्या आमच्या वाचनालयात प्रती आल्या दोन आणि नाव लावून बसलेले वाचक एकोणीस. मी तिथे नोकरीला आहे याचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग झाला. ग्रंथपाल काकांच्या मागे लागून एक प्रत महिनाभरासाठी तुझ्या नावावर घेतली. उद्या मुरबाडच्या गाडीला देते. भावोजींना स्टँडवरच्या पानवाल्याकडून घ्यायला सांग आणि जिलेबीच्या पुडीखाली दाबू नको म्हणावं, मागच्या भागाची शेवटची चार पानं चिकटली होती.

मी दोन दिवसांत संपवलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी तरलेने होडीतून उडी मारली, नदीच्या तळाशी जाऊन चेटकिणीच्या शापाच्या सात गाठी सोडवल्या आणि राजपुत्र नीहार मोकळा झाला, तिथे आपण थांबलो होतो. आता पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. शेवटचं पान वाचून मी पुस्तक पोटाशी धरून बसले होते, एवढंच सांगते. नावाड्याची साधी पोर आणि धुक्याबाहेर ज्याला जगता येत नाही असा राजपुत्र. इतकं कोणी कोणावर प्रेम करतं का गं?

वाचनालयात तर नुसता कल्ला आहे. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, हे सगळं थोतांड आहे. आणि मग हळूच विचारलं, दुसरी प्रत कधी परत येते. आणखी एक वाचक आहे. संदेश नाव. आसनगावला एका कंपनीत वायरमन आहे, शहापुरातच घर आहे. पुस्तक बहिणीसाठी, रेश्मासाठी नेतो असं सांगतो. पण परवा माझ्याशी वाद घालायला लागला की चौथी गाठ तरलेने चुकीच्या हाताने सोडवली. मी म्हटलं, रेश्माला बरंच बारीक आठवतं हो. तेव्हा कानापर्यंत लाल झाला.

हसू नकोस. त्याच्या घरून बाबांकडे निरोप आला आहे. अजून काही ठरलेलं नाही.

माया आहे ती वाढू दे, कमी करू नको.
तुझी,
चंद्रा


धसई, ता. मुरबाड
२६ नोव्हेंबर १९९८

चि. चंद्रास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पुस्तक मिळालं, जिलेबीच्या डागाशिवाय. वायरमनबद्दल वाचलं आणि मी खूप हसले. ज्याला चौथी गाठ आठवते तो माणूस नवरा म्हणून अगदीच वाया जाणार नाही. पण आधी पुस्तकाचं सांगते, कारण त्याने इथे आग लावली आहे.

खळ्यावर झोडणी चालू आहे. दुपारी भाकरी खाऊन बायका पेंढ्याला टेकतात, तेव्हा मी वाचते आणि बाकीच्या ऐकतात. सासूबाई, शेजारची वत्सला आणि ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या कामाला येणाऱ्या सहा-सात जणी. त्यातली सकुबाई तुला माहीत नाही. पन्नाशीची असेल. अक्षर ओळखत नाही, पण पहिल्या भागातली ओळ तिसऱ्या भागात खोटी ठरली तर तीच पकडते.

काल शेवट वाचला. धुकेनगरीत राहायचं तर माणसाने आपलं नाव नदीत टाकायचं. टाकलं की आपल्यालाही आठवत नाही आणि काठावरच्या कुणालाही नाही. तरला ओंजळीत नाव घेते आणि पाण्यात सोडते. नीहार तिला नवं नाव देतो, धवला. आणि शेवटच्या पानावर तिचा म्हातारा बाप काठावर उभा, कुणाची तरी वाट बघतोय, पण कुणाची ते त्याला आठवत नाही. वत्सला पदराने डोळे पुसत होती.

सकुबाई मात्र उठून उभी राहिली. म्हणाली, बंद करा तुमचं पुस्तक, आमी नाय ऐकत. पोरीने पाण्यात जीव घालून त्याच्या गाठी सोडवल्या, त्याने काय सोडलं? त्याने आपलं नाव का नाय टाकलं गो पाण्यात? म्हाताऱ्याला असा उभा ठेवून गेली आणि हा लिहिणारा म्हणतो सुखाने नांदली!

वत्सला म्हणाली, त्यात काय एवढं, लग्न झालं की सगळ्यांचंच नाव बदलतं. सकुबाईने विचारलं, मग तुजं काय होतं? वत्सला म्हणाली, कुंदा. आणि गंमत म्हणजे लाजली, नवऱ्याचं नाव घ्यावं तशी. मग एकेक जण सांगायला लागली. आमच्या सासूबाई पेंढ्यातली काडी मोडत बसल्या होत्या. कुणी विचारलंही नव्हतं. त्या म्हणाल्या, माजं धाकली. बावन्न वर्षांत कोणी हाक मारली नाय.

माझी पाळी आली. मी सांगितलं, तानी. तुला तरी आठवतं का गं? मी सासरी गेले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. यांच्या मावशीने तानी हे गावंढळ वाटतं म्हणून प्रमिला ठेवलं. सकुबाईचं मात्र जन्मापासून तेच. म्हणाली, आमचं नाव बदलायला कोणाला येळ होता? तेवढं एक वाचलं.

आता सगळ्या मिळून त्या लेखकाला पत्र लिहायचं म्हणतायत. चौथा भाग लिहायच्या आत त्याला दोन शब्द सुनावायचे आहेत. प्रकाशकाचा पत्ता पाठव.

तुझ्या वायरमनचं पुढे काय ते सविस्तर लिही. ताई आहे म्हणून काहीही लपवायचं नाही.

आठवण ठेव, खोकला सांभाळ.
तुझी,
ताई


खर्डी,
१२ डिसेंबर १९९८

ती. ताईस,
चंद्राचा नमस्कार, थोडा फुगलेला. वि. वि.

प्रकाशकाचा पुण्याचा पत्ता सोबत लिहिला आहे. पण मला तुमचं भांडण पटलं नाही. तरलेवर कोणी जबरदस्ती केली होती का? तिने स्वतःच्या हाताने दिलं. प्रेमात मोजमाप करायचं नसतं. तुझ्या सकुबाईला सांग, नीहार धुक्याबाहेर आला असता तर मेला असता. मग तिनेच आत जायला नको का?

वाचनालयात माझ्या बाजूचे जास्त आहेत. संदेशही म्हणतो की हाच खरा शेवट.

तर आता ऐक. ठरलं. साखरपुडा चोवीस जानेवारीला, आपल्याच अंगणात. तू आणि भावोजी आदल्या दिवशी या. संदेश तसा फार बोलत नाही, पण पुस्तक परत करताना पानात कागदाचा कपटा ठेवतो. काय लिहितो ते विचारू नकोस.

एक गोष्ट. त्याच्या आईने माझं नाव समृद्धी ठेवायचं ठरवलं आहे. त्याचं कारण असं की संदेशच्या आत्याचं नावही चंद्रकला होतं. अठरा वर्षांपूर्वी ती सासरहून पळाली, माहेरीही आली नाही. त्यावरून घराण्याला फार बोल लागले. तेव्हापासून त्या घरात ते नाव कोणी उच्चारत नाही. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं की मीही तरलेसारखी काहीतरी ओंजळीतून सोडते आहे. आईला समृद्धी आवडलं. बाबा उठून शेतावर गेले.

तू तरी खूश हो. माझ्या आनंदात मोडता घालू नकोस.

राग आला असेल तरी लोभ राहू दे.
तुझी,
चंद्रा (अजून दीड महिना तरी)


धसई,
२ जानेवारी १९९९

चि. चंद्रास,
ताईचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त.

मोडता घालत नाही. पण विचारलं आहेस तर खरं लिहिते.

आमचं पत्र गेलं. मी लिहिलं, तीन जणींनी सही केली, सात जणींनी अंगठे. प्रत्येकीने सांगितलं की माझं पहिलं नाव लिही. सकुबाईचं म्हणणं मी जसंच्या तसं घातलं, की तुमी शिकलेले आहात, तुमाला एवढी मोठी नगरी रचता आली, मग त्या पोराला एक नाव टाकायला लावता नाय आलं?

त्यावरून इथे तमाशा झाला. पाकीट बाजारातल्या पेटीत टाकताना कोणीतरी पाहिलं आणि गावभर केलं की नामदेवच्या बायकोने पुण्याच्या माणसाला प्रेमाचं पत्र लिहिलं. हे तडक घरी आले. म्हणाले, वाचन बंद, पुस्तक परत पाठव, वाडीतल्या बायकांना खळ्यावर कामापुरतंच बोलव. मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून आल्या. म्हणाल्या, त्या पत्रावर माजा पण अंगठा हाय. मला पण परत पाठव. यांचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी खळ्याच्या मधोमध उभी राहून, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दोन दिवस हे कुडाच्या आड बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, ती चेटकीण मेली का?

आता तुझं. पाच वर्षांपूर्वी इथे अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती. दहावी पास, गावातली बाई हवी होती. मी तुम्हाला कळवलं होतं की मला नोकरी करायची नाही म्हणून अर्ज केला नाही. ते खोटं होतं. मी अर्ज घेऊन मुरबाडला गेले होते. दाखल्यावर तानी नथू, रेशनकार्डावर प्रमिला नामदेव. विचारलं, या दोघी एकच कशावरून? प्रतिज्ञापत्र आणा. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. हे म्हणाले, पुढच्या वेळी बघू. जागा गेली. मी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तो दाखला वाचत आले. मराठीत एकोणऐंशी गुण पडले होते त्या तानीला, चंद्रा. ती कुठे गेली, ते मलाच सांगता येईना.

मला तुम्हा कुणाला सांगायची लाज वाटली. आता वाटत नाही.

आणखी एक. तरलेचं उदाहरण देतेस, पण तिने दिलं ते नीहारसाठी. तुझं नाव मागतायत ते एका बाईचं नाव पुसायला, जी अजून कुठेतरी जिवंत असेल. देणं आणि पुसून घेणं यात फरक आहे, एवढं बघ. मग तू काहीही ठरव, मी तुझ्या शेजारी बसलेली असेन.

तेवीसला येतो.
जीव लावणारी,
तानी


खर्डी,
५ फेब्रुवारी १९९९

ती. तानीताईस,
चंद्रकलेचा नमस्कार. वि. वि.

तू चोवीसला इथेच होतीस, सगळं डोळ्यांनी बघितलंस. पण त्याआधीचं तुला माहीत नाही, ते सांगते.

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले, फाडणार होते. मग दोन दिवसांनी संदेश वाचनालयात आला तेव्हा त्याला विचारलं की नाव नाही बदललं तर चालेल का. तो म्हणाला, नावात काय आहे, घरात मी तुला चंद्राच म्हणेन, आईसमोर तेवढं समृद्धी. मी म्हटलं, काहीच नसेल नावात तर तू बदल, तुला मी नीहार म्हणेन. तो हसला. मी हसले नाही. म्हणाला, तू पुस्तक फार मनावर घेतेस. मी म्हटलं, तूच म्हणाला होतास ना की हाच खरा शेवट? तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. मला वाटलं होतं, चोवीसपर्यंत घरी बोलेल.

नाही बोलला. म्हणून मला बोलावं लागलं. त्याच्या आईने सगळ्यांसमोर समृद्धी नाव सांगितलं आणि बायका वा वा म्हणायला लागल्या. तेव्हा तू माझ्या पाठीला हात लावलास आणि तोंडातून निघून गेलं की मला चंद्रकलाच राहायचं आहे. त्यांनी म्हटलं, आमच्या घरात ते नाव घेत नाय पोरी. मी म्हटलं, मग मी आल्यावर घ्यावं लागेल. असं मी बोलले, ताई! माझा मलाच विश्वास बसत नाही. संदेश नारळाकडे बघत राहिला. पेढ्यांची ताटं झाकलेलीच परत गेली. माझा राग त्यांच्यावर नाही तेवढा त्या नारळावर आहे.

तुम्ही गेल्यावर आई तीन दिवस रडली. म्हणाली, नावापायी कोणी घर मोडतं का. बाबा दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल स्टेशनवर रिक्षावाल्यांनी त्यांना टोमणा मारला की पोरीला पुस्तकं वाचायला दिली की असं होतं. बाबा म्हणाले, पोरगी नाय चुकली. तिचं नाव मी ठेवलंय. पोराकडच्यांनी आधी मला विचारायला हवं होतं. हे मला रिक्षावाल्याच्या बायकोकडून कळलं. घरी आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, जेवलीस का?

पुस्तक मी पुन्हा वाचलं. शेवटचं पान आता मला सुंदर वाटत नाही. आणि तरी मला संदेशची आठवण येते. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

वाचनालयात मी एक वही ठेवली आहे, तिसरा भाग वाचलेल्यांनी आपलं मत लिहायचं. त्रेचाळीस मतं आली. तेवीस जणांनी लिहिलंय की शेवट चुकला. गुरुजींनी अडीच पानं लिहिली आहेत.

लोभ आता दोघी मिळून सांभाळू.
तुझी,
चंद्रकला


धसई,
१४ मार्च १९९९

चि. चंद्रकलेस,
अनेक आशीर्वाद आणि एक शाबासकी.

तुझ्या लेखकाचं उत्तर आलं. पोस्टकार्ड आहे. लिहितो की भगिनींनो, आपल्या भावना पोचल्या, परंतु प्रेम म्हणजे समर्पण, आणि कथेतलं नाव हे प्रतीक समजावं. चौथा भाग छापखान्यात गेला आहे, तो वाचल्यावर आपल्या सर्व शंका फिटतील.

सकुबाईने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, आमी शंका कुठं विचारली? आमी तर भांडलो.

आणि मग तिने जे केलं ते ऐक. म्हणाली, त्याचा चौथा भाग त्याला लखलाभ, आपला आपण सांगू. हरभरा काढताना तिने सुरुवात केली. मी रोज घरी येऊन वहीत उतरवते. तिच्या गोष्टीत तरलेला महालात करमत नाही. कुठे वल्ह्याचा आवाज आला की तिचे हात हलायला लागतात, का ते तिला कळत नाही. एक दिवस ती नीहारला म्हणते, मला होडीत बसव आणि तू वल्हव. राजपुत्र तो, त्याने कधी वल्हं धरलेलं नाही. तळहाताला फोड येतात, होडी गोल गोल फिरते. बायका हसून हसून लोळल्या. मधल्या धारेला आल्यावर तरला म्हणते, मी इथे काहीतरी टाकलं होतं, काय ते मला आठवत नाही, पण तुला माहीत आहे. आता तू तुझं टाक.

सकुबाई तिथेच थांबली. वत्सलाने विचारलं, मग टाकलं का त्याने? ती म्हणाली, विचार करतोय. करू दे. रोज शेतावर गेलं की पहिला प्रश्न तोच, झाला का विचार करून? रोज तिचं एकच उत्तर, नाय अजून. आता आमचे हेही विचारतात.

माझी बातमी. ओढ्यापलीकडच्या वाडीत नवी अंगणवाडी होणार आहे. मी अर्ज करते आहे. या वेळी मुदतीच्या तीन आठवडे आधी मुरबाडला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. यांना सोबत नेलं. वकिलाने विचारलं, ही बाई तानी आहे हे तुम्ही ओळखता का? यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आता ओळखायला लागलोय. वकील म्हणाला, नुसतं हो म्हणा.

संदेशची आठवण येते त्यात काही वाईट नाही. पण वाट बघत बसू नकोस. वाट बघायचं काम त्याच्याकडे दे.

असाच ताठ कणा आणि असंच प्रेम ठेव.
तुझी,
तानी


खर्डी,
१८ एप्रिल १९९९

ती. तानीताईस,
चंद्रकलेचा नमस्कार. वि. वि.

मांडी घालून बस आणि मग वाच.

परवा संदेश वाचनालयात आला. पावणेतीन महिन्यांनी. हातात पुस्तक नव्हतं. काकांसमोर, गुरुजींसमोर म्हणाला की मला वहीत मत लिहायचं आहे. मी वही पुढे केली. त्याने लिहिलं, शेवट मी बरोबर म्हणालो होतो कारण मला काही द्यावं लागत नव्हतं. खाली सही केली. मी ते वाचलं आणि म्हटलं, ठीक आहे, पुढे? तेव्हा त्याने सांगितलं की तो आत्याला शोधून आला.

चंद्रकला आत्या कसाऱ्याला असते, ताई. इतकी वर्षं इतकी जवळ. हमरस्त्यालगत तिची खानावळ आहे, ट्रकवाले जेवतात. संदेश तिचा माग काढत तीन रविवार हिंडला तेव्हा सापडली. काल त्याने मला तिच्याकडे नेलं. बाबांना विचारून गेले, काळजी नको.

ठेंगणी, रुंद, हातात झारा. मला आपादमस्तक बघून म्हणाली, तुज्यापायी माजं नाव परत निघालं व्हय घरात? मी म्हटलं, तुम्ही पळालात म्हणून ते घेत नाहीत. तिने झारा खाली ठेवला. म्हणाली, कोण म्हणतं पळाले? नवरा लाकडाने मारायचा. माहेरी तीनदा निरोप दिला, कोणी आलं नाय. मग एके दुपारी पिशवी घेतली आणि गावाच्या मधून चालत गेले, सगळे बघत होते. पळाले नाय. चालत गेले.

संदेश तोंड फिरवून उभा होता. त्याची आजी आणि त्याचे वडील, दोघांनाही ते निरोप मिळाले होते. तो आता सत्तावीस वर्षांचा आहे आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री त्याने घरी सांगितलं की नाव बदलणार नाही, आणि त्या नावाला डाग असेल तर तो आपण लावलाय. वडील उठून गेले. आई म्हणाली, आण तिला, पण मी त्या नावाने हाक मारायची नाय. संदेश म्हणाला, हे तुझं तू आणि तिचं ती बघा.

आज त्याने बाबांसमोर येऊन साखरपुड्याच्या दिवशी गप्प बसल्याची माफी मागितली. माझीही मागितली. मी लगेच हो म्हटलं नाही. आठ दिवस मागून घेतले. मलाही विचार करायचा हक्क आहे ना? सकुबाईला विचारून सांग, आठ पुरेत का.

तुझी,
चंद्रकला


धसई,
२५ एप्रिल १९९९

चि. चंद्रकलेस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते, गाडी सुटायच्या आत यांच्या हाती द्यायचं आहे. सकुबाई म्हणते, आठ पुरेत, पण त्याला दहा सांग.

माझी नेमणूक झाली! हुकमावर लिहिलंय, तानी ऊर्फ प्रमिला नामदेव. सासूबाईंनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं, मग वत्सलाकडे जाऊन तिलाही ऐकवायला लावलं. एक जूनपासून मी वाडीतल्या पोरांना शिकवणार.

हो म्हणायचं असेल तर हो म्हण, आणि मनापासून म्हण. नाही म्हणायचं असेल तरी मी पाठीशी आहेच.

तुझीच,
तानी


शहापूर,
४ जुलै १९९९

ती. तानीताईस,
चंद्रकलेचा सासरहून पहिला नमस्कार. वि. वि.

लग्नात तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही. आत्याला मी स्वतः बोलावलं होतं. ती आली, आपल्या मांडवात आईशेजारी बसली, दोन वेळा वरण मागून घेतलं. सासूबाई तिच्याशी बोलल्या नाहीत, पण तिच्या पानात जिलेबी वाढायला त्याच आल्या, ते तू पाहिलंस का? इथे आल्यावर तांदळाचं ताट पुढे ठेवलं, तेव्हा संदेशने अंगठीने चंद्रकला लिहिलं. अक्षरं इतकी मोठी काढली की शेवटचा ला ताटात मावेना.

आता तू विचारशील सासू कशी आहे. ताई, ती माझ्यासारखीच हट्टी आहे. जेवायला चांगलं घालते, ताप आला तर उशाशी बसली. पण शब्दाला पक्की. हाक मारायची नाही म्हणजे नाही. कधी अगं, कधी ए, कधी नुसतीच पातेल्यावर पळी वाजवते. मी पातेल्याला ओ देत नाही. दीड महिना असं चाललं. रेश्मा म्हणते, वहिनी, एकदा तरी बघ ना वळून. मी म्हटलं, बघेन की, मला कोणी बोलावू तर दे.

काल दुपारी मी परसात धुणं वाळत घालत होते. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेजाऱ्यांची शेळी कुंपणातून घुसली आणि थेट भाताच्या रोपात शिरली. सासूबाईंनी आधी हाड हाड केलं. मग ए म्हणाल्या. मग अगं. पळी जवळ नव्हती. आणि मग त्या ओसरीवर उभ्या राहून ओरडल्या, चंद्रकला! अगं चंद्रकला, शेळी!

रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली. सासरे आतून दारापर्यंत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. अठरा-एकोणीस वर्षं या घरात कोणी ते नाव एवढ्या मोठ्याने घेतलं नव्हतं. सासूबाईंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मी ओ दिली आणि धावले. तोवर शेळीने अर्धा वाफा फस्त केला होता. ओसरीवर परत आले तर सासूबाईंनी सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, बस, हात चालव जरा.

तुझी,
चंद्रकला